वरचं बूच

आठवडाभर संशय घेऊन झाला आणि आठव्या दिवशी जावयाने खोलीला कुलूप लावलं.

फिटरकाका सकाळचा चहा हातात घेऊन त्या कुलपासमोर उभे राहिले. कुलूप तरी कसलं, प्रवासाच्या बॅगेला लावतात तसलं अंगठ्याएवढं खेळणं! माणसाचा अपमान करायचा तर निदान धड कुलूप तरी आणावं. तीनशे खाटांच्या हॉस्पिटलच्या बॉयलर हाऊसच्या किल्ल्या चौतीस वर्षं ज्याच्या कमरेला होत्या, ऑपरेशन थिएटर गार पडलं की मोठ्यातला मोठा सर्जनसुद्धा 'फिटरकाकांना बोलवा' म्हणत ज्याची वाट बघायचा, त्या माणसासाठी हे बॅगेचं कुलूप. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चहा पार गार झाला तरी ते तिथून हलले नाहीत.

आता त्या कुलपामागे काय होतं ते सांगायला हवं. सोनं-नाणं नव्हतं. एक कॉम्प्युटर होता.

काकांची लेक पुस्तकं वाचून दाखवायची. म्हणजे मायक्रोफोनपुढे बसून अख्खी पुस्तकं वाचायची आणि ती रेकॉर्ड होऊन लोकांच्या कानात जायची. लहानपणी तिची बडबड थांबत नसे म्हणून काकांनी तिला बडबडी नाव ठेवलं होतं, आणि आता ती त्याच बडबडीवर पोट भरत होती याचा त्यांना फार अभिमान होता. घरातल्या सगळ्यात लहान खोलीच्या भिंतींना जुन्या रजया ठोकून तिने आपली जागा केली होती. कॉम्प्युटर त्याच खोलीत, कारण भिंतीला भोक पाडून वायर पलीकडे न्यायला घरमालक तयार नव्हता. त्या कॉम्प्युटरचे पंखे घरघरायचे आणि ती घरघर रेकॉर्डिंगमध्ये यायची.

मग जावयाने मनावर घेतलं. तीन सुट्ट्या खर्ची घालून त्याने स्वतःच्या हाताने नवा कॉम्प्युटर बांधला, पाण्याने थंड होणारा. एका बाजूला काच, आत पारदर्शक नळ्या, नळ्यांतून फिरणारं निळं पाणी. खाली मुठीएवढा पंप, त्याच्या डोक्यावर पाण्याची उभी काचेची टाकी, आणि सगळ्यात वर, झाकणाखाली, पाणी गार करणारा चपटा रेडिएटर. वस्तू देखणी होती. काकांनी पहिल्या दिवशी ती बघितली आणि त्यांना आपलं बॉयलर हाऊसच कोणीतरी धुऊन आटवून पेटीत भरल्यासारखं वाटलं. त्यांनी जावयाच्या पाठीवर थाप मारली. तेव्हा सगळं गोडीगुलाबीचं होतं.

पंखे गप्प झाले, पण पाणी बोलायला लागलं. गुळगुळ, गुळगुळ, मध्येच एक गुटुक. नळ्यांनी हवा धरली होती. लेकीने तशीच दोन प्रकरणं वाचून पाठवली आणि ती परत आली. रेकॉर्डिंग तपासणाऱ्या बाई खवचट होत्या. त्यांनी लिहिलं होतं, 'पान चाळीस. नायिका रडते आहे आणि मागे कोणाचं तरी पोट गुरगुरतं आहे.' ती पुन्हा वाचून सगळं पुस्तक द्यायला त्यांनी दोन आठवडे दिले.

दुसऱ्या दिवशी जेवताना काकांनी तोंड उघडलं. "यात अवघड काय आहे? हवा नेहमी वर जाऊन बसते. सगळ्यात वरचं तोंड जरासं उघडायचं, सुस्स करून हवा निघून जाते, की बंद. मी दर हिवाळ्यात खोल्या गरम करणाऱ्या चारशे रेडिएटरांची हवा काढायचो."

जावयाने ताटातून मान वर केली नाही. "बाबा, हे तुमचं हॉस्पिटल नाहीये. टाकीचं झाकण मी सैल ठेवलंय. दोन-तीन दिवसांत हवा आपोआप टाकीत येईल आणि निघून जाईल. फक्त कोणी हात लावू नका."

"कोणी म्हणजे?"

"कोणी म्हणजे कोणीच."

पण बोलताना बघितलं त्याने काकांकडेच. लेक पाणी वाढत होती. काकांनी घास गिळून विषय सोडला. जावयाच्या घरात राहणाऱ्या सासऱ्याला रोज दोन-चार घास असे गिळावे लागतात.

तिसऱ्या दिवशी जावयाने टाकीवर काळ्या पेनाने एक रेघ मारली, पाणी किती आहे ते कळावं म्हणून. चौथ्या दिवशी संध्याकाळी बाहेरून आल्यावर बघतो तर पाणी रेघेच्या बोटभर वर. नळ्या पुन्हा बुडबुड्यांनी भरलेल्या, आणि गुळगुळ होती त्याहून वाढलेली.

"बाबा, तुम्ही यात पाणी ओतलंत?"

काका पेपर वाचत होते. त्यांना आधी प्रश्नच कळला नाही. "मी? मी कशाला ओतू?"

"नळाचं पाणी आहे का? नळाचं असेल तर आतून सगळं गंजेल. खरं सांगा, मी रागावणार नाही."

मी रागावणार नाही! सत्तरीला आलेल्या माणसाला! काकांनी पेपर मिटला. "मी हात लावलेला नाही," ते म्हणाले, "आणि मी एकदा सांगितलं की तेवढं पुरे असतं."

ते पुरे पडलं नाही. जावयाने एक पिचकारी आणली, रेघेवरचं पाणी ओढून फेकून दिलं आणि सुस्कारा सोडला. दुसऱ्या दिवशी पाणी पुन्हा बोटभर वर. पुन्हा पिचकारी, पुन्हा सुस्कारा. तिसऱ्या दिवशी तेच. आता तो विचारतही नव्हता. नुसता टाकीकडे बघायचा, मग काकांकडे बघायचा आणि मान हलवायचा. त्या मान हलवण्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

बरं, गोष्ट घरात तरी राहावी! शनिवारी काकांना मोठ्या मुलाचा फोन आला. तो दूर दुसऱ्या गावी राहायचा आणि एरवी महिनोन्महिने त्याला वेळ नसायचा. "बाबा," तो म्हणाला, लहान मुलाला समजावतात त्या सुरात, "तुम्ही म्हणे कॉम्प्युटरमध्ये पाणी ओतता. असं करायचं नसतं हां." काकांनी फोन ठेवला. तासाभराने विहीणबाईंचा फोन जावयाला आला आणि त्यांचा आवाज असा खणखणीत की स्वयंपाकघरात ऐकू यावा. वयाप्रमाणे होतं असं, त्या सांगत होत्या. आमच्या शेजारचे गृहस्थ तर झाडांना दूध घालायला लागले होते, समजून घे हो.

वयाप्रमाणे! म्हणजे चोर तर ठरलेच, वर खुळेही ठरले. काकांना वाटलं, जाऊन तो फोन हिसकावून घ्यावा आणि विहीणबाईंना बॉयलरमधल्या दाबाचे आकडे एका दमात म्हणून दाखवावेत. पण ते उठले नाहीत. उठून ओरडणारा म्हातारा आणखीच खुळा दिसतो, हे त्यांना चांगलं माहीत होतं.

आणि लेक? लेक या सगळ्यात होती, पण नसल्यासारखी. "जाऊ दे ना," एवढंच ती नवऱ्याला म्हणायची. काका तिच्याकडे बघायचे. ही तरी म्हणेल की माझे बाबा असं करणार नाहीत. ती ताटं उचलून आत जायची.

मग रविवारी सकाळी कुलूप लागलं. एक किल्ली जावयाच्या खिशात, दुसरी लेकीच्या गळ्यातल्या गोफात, कारण तिला आत बसून काम करायचं होतं. काकांनी त्या दिवशी जेवायला येणं टाळलं. कोणी फार आग्रहही केला नाही.

सोमवारी जावयाने रजा घेतली होती. पुस्तक बुधवारी दुपारी द्यायचं होतं, आणि दोनशे पानांपैकी एकही पान गुळगुळीशिवाय रेकॉर्ड झालेलं नव्हतं. लेक सकाळी लवकर आत जाऊन आली. नंतर जावई खोलीत गेला आणि दोनच मिनिटांत बाहेर आला. चेहरा लाल. लेक मागे दारात उभी होती.

"किल्ली कुठून आणलीत?"

काका बूट पुसत होते. "कसली किल्ली?"

"पाणी पुन्हा वर आहे. कुलूप असताना. तुम्हीच मागे सांगितलं होतं ना, बॉयलर हाऊसचं अडकलेलं कुलूप तुम्ही तारेने उघडलं होतं म्हणून?"

काकांनी ब्रश खाली ठेवला. त्या वेळी आत तीन माणसं अडकली होती आणि वाफ कोंडत चालली होती. चांगली वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. हॉस्पिटलने भर सभेत शाल घातली होती. तीच गोष्ट आपल्याच जेवणाच्या टेबलावर कौतुकाने सांगितलेली, आज हा पुरावा म्हणून समोर धरत होता.

"माझं ऐका बाबा," जावयाचा आवाज आता खाली आला होता आणि तो जास्तच झोंबत होता. "मला भांडायचं नाहीये. हे पुस्तक होईपर्यंत तुम्ही थोडे दिवस तुमच्या मोठ्या मुलाकडे जाऊन या. मी तिकीट काढतो."

"जाईन," काका उभे राहिले. "आजच जाईन. पण आधी ते यंत्र मला दाखवायचं. नऊ दिवस ज्याचा आळ माझ्यावर आहे ते मी पहिल्या दिवसानंतर डोळ्यांनी बघितलेलंसुद्धा नाही. दाखवा. मग तुमचं तिकीट आणि मी."

जावई आडवा येणार होता, पण काकांच्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे, तो बाजूला झाला.

खोलीत रजयांचा कोंदट वास होता. लेक आत सरकून मायक्रोफोनपुढच्या खुर्चीत बसली, हातात पुस्तक, बोट चाळिसाव्या पानात. काका गुडघ्यांवर हात टेकून यंत्रासमोर बसले. त्यांनी बराच वेळ कशालाही हात लावला नाही. नवीन जागी गेलं की आधी फक्त बघायचं, ही त्यांची पहिल्या दिवसापासूनची सवय. टाकीत पाणी रेघेच्या बोटभर वर होतं. वरच्या रेडिएटरकडे जाणारी नळी मात्र वरच्या टोकाला रिकामी होती.

"रंग बघा," ते म्हणाले.

"काय?"

"पाण्याचा रंग बघा. पहिल्या दिवशी होता तितकाच गडद आहे. रोज बोटभर नळाचं पाणी पडलं असतं तर एव्हाना हे फिकं झालं असतं की नाही? यात कोणीही पाणी ओतलेलं नाही."

जावई खाली वाकला. तो मठ्ठ नव्हता, फक्त त्याचा निकाल आधीच लागलेला होता. "मग वाढलं कसं?"

"वाढलेलं नाही. वरचं खाली आलंय. एक ग्लास पाणी आणा आणि सरबत प्यायची एक नळी."

जावयाने दोन्ही आणलं. काकांनी नळी पाण्यात बुडवली, वरच्या टोकावर बोट दाबलं आणि नळी उचलली. नळीतलं पाणी नळीतच राहिलं. मग त्यांनी बोट काढलं, आणि पाणी बदकन खाली पडलं.

"हा वरचा रेडिएटर म्हणजे ही नळी," ते म्हणाले. "वर बंद आहे तोवर पाणी वर टिकून राहतं. वरून कोणी तोंड उघडलं की तिथून हवा आत शिरते, वरचं पाणी खाली टाकीत उतरतं आणि तुम्हाला वाटतं म्हातारा नळाचं पाणी ओततोय. वरचं झाकण काढा."

झाकण निघालं. रेडिएटरच्या कोपऱ्यात नाण्याने फिरवायचं एक लहानसं बूच होतं, आणि त्याच्या खाचेत घासल्याच्या ताज्या खुणा होत्या. जावयाने नाण्याने ते सोडवलं. बुचाच्या आट्यांवर पांढरी टेप गुंडाळलेली होती.

"ही टेप!" जावई जवळजवळ ओरडलाच. "असल्या बुचाला टेप लावत नाहीत, त्याला रबराची कडी असते. ही नळकामाची टेप आहे बाबा. ही तुमचीच!"

काकांनी बूच हातात घेतलं आणि चष्मा वर सरकवून बघितलं. टेपचे नेमके तीन वेढे. टोक कात्रीने कापलेलं नव्हतं, दाताने तोडलेलं होतं आणि आट्यांच्या दिशेने अंगठ्याने दाबून बसवलेलं होतं. अशी टेप लावणारी जगात दोनच माणसं होती. एक ते स्वतः. दुसरी, शाळा सुटली की बॉयलर हाऊसमध्ये येऊन उलट्या बादलीवर बसायची आणि 'मी लावते, मी लावते' म्हणून हट्ट धरायची.

नऊ दिवसांचा सगळा राग आता कोणावर धरायचा तेच त्यांना कळेना.

"टेप माझी आहे," ते सावकाश म्हणाले. "हात माझा नाही."

पंपाने एकदा गुटुक केलं. काका लेकीकडे बघत नव्हते, मुद्दाम बघत नव्हते. तिला संधी द्यायची होती. बोलण्यावर पोट भरणारी त्यांची मुलगी हातातल्या पानाकडे बघत मूग गिळून बसली होती.

"बडबडे," शेवटी तेच म्हणाले.

"मी केलं," ती म्हणाली.

जावई खाली बसला, तिथेच, जमिनीवर. "तू?"

"बाबांनी सांगितलं होतं ना जेवताना, वरचं तोंड उघडायचं म्हणून. तू ऐकून घेत नव्हतास. मला वाटलं बाबांचं कधी चुकत नाही. मी रोज सकाळी उघडायची, सुस्स व्हायचं, ते थांबलं की बंद करायची. एकदा थेंब दिसला म्हणून टेप लावली. बाबांच्या डब्यातली घेतली."

"थेंब बंद करताना दिसला असेल. उघडल्यावर कधी पाणी वर आलं?" काकांनी विचारलं.

"नाही."

"मी काय शिकवलं होतं? पाणी येईपर्यंत."

"आलंच नाही कधी," ती म्हणाली.

"येणार कसं?" आणि हे म्हणतानाच काकांना आपली चूक दिसली. कारण हॉस्पिटलात टाकी सहा मजले वर होती. वरून पाण्याचा दाब असायचा, तोंड उघडलं की तो दाब हवेला बाहेर ढकलायचा. इथे टाकी खाली आणि रेडिएटर वर. ढकलायला वर कोणी नाही. इथे तोंड उघडलं की हवा आत शिरते, आणि आत शिरणाऱ्या हवेचा आवाजही तस्साच येतो, सुस्स. यंत्र पहिल्या दिवशी त्यांच्या हाती दिलं असतं, तर त्यांनीही नेमकं हेच केलं असतं. छातीठोकपणे, चार माणसांसमोर केलं असतं. जावई म्हणत होता तेच बरोबर होतं, हे त्यांचं हॉस्पिटल नव्हतं.

"सल्ला चुकीचा होता," ते जावयाला म्हणाले. ते शब्द बाहेर काढायला दाढ उपटल्याएवढं जड गेलं. "तुमचंच बरोबर होतं. कोणी हात लावला नसता तर हवा निघून गेली असती. मी न बघता तोंड उघडलं. पण तुम्हीही रोज पिचकारीने पाणी काढत गेलात. ते पाणी वरचं होतं. ही माझ्यावर विश्वास ठेवून हवा आत घालत गेली आणि तुम्ही माझ्यावर संशय घेऊन पाणी बाहेर काढत गेलात."

जावयाचे कान लाल झाले होते.

"बाबा, मी पाणी ओतलं नव्हतं," लेक घाईघाईने म्हणाली. "तो पाणी पाणी म्हणत होता. मला खरंच वाटलं, ते काहीतरी वेगळं असेल. मला वाटलं तुम्हीही कदाचित..."

"आणि काल कुलूप लागल्यावर?" काका आता तिच्याकडे वळले. "कुलूप लागल्यावर काय वाटलं? आत तू सोडून कोण जात होतं? आज सकाळी तू बूच उघडून बाहेर आलीस. त्यानंतर हा माझ्यावर किल्ली चोरल्याचा आळ घेत होता. तू दारातच उभी होतीस. तेव्हा काय वाटत होतं तुला?"

ती रडायला लागली. एरवी तिच्या डोळ्यांत पाणी दिसलं की काका विरघळायचे. आज विरघळले नाहीत. जावई परका, त्याने संशय घेतला, चिडून विषय संपवता येतो. पण ही बादलीवर बसून मोठी झालेली पोर.

"डोळे पूस," ते म्हणाले. "आधी हे काम उरकू. धरा हो, त्या बाजूने धरा. एकट्याने उचलायचं नाही हे."

ते यंत्र चांगलं वजनदार होतं. वरून रेडिएटर भरून बूच रबराच्या कडीसकट घट्ट बसवलं, टाकी भरली, तिचं झाकण सैल ठेवलं. मग सासरा एका बाजूला आणि जावई दुसऱ्या बाजूला. हळूच पुढे कलंडवायचं, थांबायचं. मागे कलंडवायचं, थांबायचं. लेकीच्या हातात पंपाचं बटण. चालू, पाच मोजायचे, बंद. पंप थांबला की हवेला वर यायला सवड मिळते, सतत चालू ठेवला की बुडबुडे नुसते गोल गोल फिरत राहतात. तान्ह्या बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढतात, त्यातलाच प्रकार. दोघे घामाघूम झाले. एकमेकांकडे न बघता "थोडं माझ्याकडे", "सावकाश", "टेकवा" एवढंच बोलत होते. अकराव्या की बाराव्या वेळी रेडिएटरच्या पोटातून गोटीएवढा बुडबुडा नळीत आला, अडखळला, सरकला आणि टाकीत येऊन फुटला. त्याच्या मागोमाग बारीक बुडबुड्यांची रांग लागली.

मग काहीच नाही. पंप चालू होता, पाणी फिरत होतं आणि आवाज नव्हता. तिघंही कान देऊन ऐकत राहिले.

"झालं," जावई कपाळ पुसत म्हणाला. "चला, सुटलो एकदाचे. बाबा, चहा घेऊ या."

"झालं नाही," काका म्हणाले. "फोन लावा."

"कोणाला?"

"तुमच्या आईला. नंतर माझ्या मुलाला. म्हातारा खुळावलाय हे सांगायला फोन लागला होता ना? मग खुळावलेला नाही हे सांगायलाही लागेल. माझ्यासमोर लावा."

"बाबा, आत्ता कशाला? मी सांगेन नंतर सवडीने..."

"सवडीने नाही! माझी बदनामी सवडीने केली नव्हतीत."

हे ते ओरडूनच म्हणाले. नऊ दिवसांत पहिल्यांदा ओरडले, आणि रजयांनी तो आवाज गिळून टाकला. जावयाने मुकाट्याने फोन काढला. विहीणबाईंचा खणखणीत आवाज खोलीभर झाला. जावयाने दोनदा घसा साफ केला. "आई, ते पाण्याचं मी तुला सांगितलं होतं ना... ते बाबांनी केलं नव्हतं. त्यांनी हातही लावला नव्हता. माझी चूक झाली."

"अगंबाई! मग कोणी केलं?"

जावयाने बायकोकडे बघितलं. तिचे डोळे सुजले होते. "कोणी नाही गं," तो पटकन म्हणाला. "माझ्याच हातून झालं."

काकांनी ते ऐकलं आणि त्यांना हसावं की रडावं ते कळेना. बायकोवर आळ येतोय म्हटल्यावर या माणसाला खोटं बोलायला एक क्षणसुद्धा लागला नाही. आणि त्यांचं खरं ऐकायला त्याला नऊ दिवस आणि एक सरबताची नळी लागली.

पण लेक उठली होती. तिने नवऱ्याच्या हातातून फोन घेतला. "आई, त्याने नाही, मी केलं. रोज मीच करत होते. बाबांचं नाव घेतलं जात होतं तेव्हा मी गप्प बसले. कुलूप लावलं तेव्हाही गप्प बसले." लेकीने फोन ठेवला आणि न सांगता मोठ्या भावाचा नंबर लावला. त्यालाही तिने तेच सांगितलं, शब्द न गाळता.

काका गुडघ्यावर हात टेकून उठले.

"बाबा, बसा ना इथे," ती म्हणाली. "मी चाळिसावं पान वाचते. ऐकायला बसा."

"नाही," काका म्हणाले. "तुझं काम तू कर."

जावई आधीच बाहेर सटकला होता. दाराच्या कडीत ते बॅगेचं कुलूप उघडं लोंबत होतं. काकांनी ते काढून खिशात टाकलं. दार असं काही आपटावं की भिंतीवरच्या रजया खाली पडाव्यात, इतका राग त्यांच्या अंगात अजून होता. पण आत मायक्रोफोनचा लाल दिवा लागला होता. त्यांनी दोन्ही हातांनी दार ओढलं, कडीचा आवाज होणार नाही इतकं हळू, आणि बाहेर उभे राहिले.

आतून तिचा आवाज आला. मागे कोणाचंही पोट गुरगुरत नव्हतं. नायिका रडते त्या वाक्याला तिचा आवाज चिरकला आणि ती थांबली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच थांबली. काका दाराशी तसेच उभे होते. राग जागचा हलला नव्हता. पण तिने तिसऱ्यांदा सुरुवात केली तेव्हा त्यांनी श्वास रोखून धरला, आणि ते वाक्य पार पडेपर्यंत सोडला नाही.